लायनर कंपनीचे, आरसा बाहेरचा: गाडीचे पार्ट घेताना

गेल्या पावसाळ्यात बाइकवरून साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना मी मागचा ब्रेक दाबला, तर पेडल पायाखाली दगडासारखं लागलं आणि गाडी काही थांबेना. मागे वडील बसले होते. दुसरा गिअर टाकून, पुढच्या ब्रेकवर कशीबशी गाडी आवरली. चार महिन्यांपूर्वी पैसे वाचतात म्हणून बिननावाचे ब्रेक लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, टाकून घेतले होते. साताऱ्यात आल्यावर फिटरने चाक खोललं. लायनरवर काचेसारखी चकाकी चढली होती आणि ड्रमच्या आतून बोट फिरवलं तर नख अडकेल अशा चरी पडल्या होत्या.

खरा खर्च त्या चरींचा झाला. लायनर तासाभरात बदलून होतात, पण ड्रम हबमध्येच बसवलेला असतो. थोडक्यात असेल तर टर्निंग मारून, म्हणजे लेथवर ड्रम आतून गुळगुळीत करून निभावतं. नाहीतर हब बदला, म्हणजे सगळे स्पोक काढून चाक पुन्हा बांधा. ॲलॉय चाक असेल तर अख्खं चाकच.

त्यामुळे 'ओरिजिनल घेऊ की बाहेरचं' असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो: कुठला पार्ट? तो गेला तर काय होईल, आणि जाताना आणखी कशाला खाऊन जाईल?

दुसरी गोष्ट, दुकानात दोन नाही, तीन प्रकारचा माल असतो. पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. दुसरा, जे कारखाने गाडीच्या कंपन्यांना माल पुरवतात त्यांच्या स्वतःच्या नावाचा: एनजीके किंवा बॉशचा प्लग, गॅब्रिएलचे शॉकअप, रोलॉनची चेन, सुप्रजितच्या केबल. तिसरा, ज्याच्यावर धड नाव नाही असा. लोक दुसऱ्या आणि तिसऱ्याला एकाच दमात 'लोकल' म्हणून मोकळे होतात, आणि चूक तिथेच होते. दुसऱ्या प्रकारात बऱ्याचदा कंपनीइतकाच चांगला माल कमी पैशात मिळतो. तिसऱ्याची हमी कुणीच देत नाही.

ब्रेकच्या बाबतीत मी आता तडजोड करत नाही. लायनर असोत की डिस्कचे पॅड, कंपनीचे, नाहीतर नावाजलेल्या पुरवठादाराचे. कास, ठोसेघर, मेढा अशा बाजूला रोज जाणाऱ्यांनी तर नाहीच करू. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले) किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो. म्हणून लायनर बदलले की फिटरकडून दोन्ही बाजूंचं सेटिंग करून घ्या, नुसती मागची नट आवळून गाडी बाहेर काढू नका.

एअर फिल्टर स्वस्त दिसतो म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. पण कडेची रबरपट्टी नीट बसली नाही तर धूळ थेट इंजिनात जाते आणि पिस्टन-रिंग घासायला लागतात. काही गाड्यांत तेल लावलेला कागदी फिल्टर येतो. त्याला पंपावर हवा मारून साफ करायचं नसतं, बदलायचाच असतो. पैशांचा फरक किरकोळ आहे, इथे कंपनीचाच घ्या. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांचे सेन्सर, इंजेक्टर आणि वायरिंगचे पार्ट यांनाही हेच लागू.

चेन-किटला (चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चक्रं) मात्र पुरवठादाराचा डबा मला बेधडक चालतो. साखर कारखाने सुरू झाले की शेतातून निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे रस्त्यावर चिखल येतो, तो वाळून चेनमध्ये बसतो, आणि मग किट कुणाचंही असो, साफसफाई आणि ऑइल नसेल तर जातंच. चेन संपली का ते पाहायला मागच्या चक्राच्या पाठीमागून चेन हाताने ओढा. अर्धा दात उघडा पडला तर ती गेली. फक्त चेन बदलून झिजलेली चक्रं तशीच ठेवू नका, ती नवी चेन खातात.

प्लग आणि बॅटरी नावाजलेल्या कंपनीची घ्या, विषय संपला. आरसे, लेगगार्ड, फूटरेस्टचे रबर, सीटकव्हर, मडगार्ड खुशाल लोकल घ्या. आरसा वेगात थरथरत नाही ना, एवढं फक्त बघा.

जुन्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. यामाहाची आरएक्स 100 ही बाइक 1996 मध्येच बंद झाली. तिचे शौकीन आजही ती जिवापाड जपतात, पण कंपनीच्या डब्याचा हट्ट त्यांना परवडणारा नाही. तिथे ज्याने त्या गाडीची चार-पाच इंजिनं बांधली आहेत, अशा फिटरने सांगितलेला माल घ्यावा.

कंपनीच्या नावाचा डबा म्हणजे आतला माल खरा, असंही समजू नका. नकली डबे बाजारात आहेत. डब्यावर पार्ट नंबर, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष आणि बनवणाऱ्याचा पत्ता वाचा. छपाई पुसट असेल, कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल, तर डबा काउंटरवर परत ठेवा. जुना पार्ट सोबत घेऊन जा आणि काउंटरवर शेजारी ठेवून पाहा. एकाच नावाच्या गाडीचे दोन सालांचे पार्ट वेगळे निघतात, म्हणून चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घेतलेला बरा. बिल मागून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचाच पार्ट, आणि बिल सर्व्हिस बुकात.

क्लच केबल राहिली. ती पुरवठादाराच्या डब्यातली घ्या. बदलताना जुनी तुटलेली नसेल तर फिटरला टाकून देऊ देऊ नका. गुंडाळून सीटखाली ठेवा. बोरण्याच्या घाटात संध्याकाळी सहानंतर केबल विकणारं कुणी भेटत नाही.