डोंबिवली पूर्वेचं आमचं पाळणाघर, आणि कांजिण्या आल्या तेव्हा ते कसं वागलं

माझा मुलगा दीड वर्षाचा असल्यापासून इथे जातोय, आता साडेतीनचा झाला. ताई स्वतः आणि मदतीला दोन मावशी, तळमजल्यावरचा टू बीएचके, पंधरा-सोळा मुलं. जेवण घरच्यासारखं, वरण-भात, पोळी-भाजी, संध्याकाळी उपमा नाहीतर थालीपीठ, जागा स्वच्छ, फी आसपासच्यांपेक्षा थोडी जास्त. हे सगळं दुसरीकडेही मिळेल म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. मला लिहायचंय ते यंदा मार्चमध्ये कांजिण्या आल्या तेव्हा ताईंनी जे केलं त्याबद्दल, कारण पाळणाघराची खरी पारख तिथेच होते असं माझं ठाम मत झालंय.

शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज आला. आपल्याकडच्या एका मुलाला कांजिण्या आल्यात, नाव विचारू नका, ते मूल कालपर्यंत इथे होतं, सगळ्यांनी लसीचं कार्ड बघा आणि उद्याच आपापल्या डॉक्टरांना फोन करा. घरात कोणी गरोदर असेल, कोणाचे कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मला आत्ता कॉल करा. एवढंच, घाबरवणं नाही, लपवणं नाही. मोठीच्या वेळी आम्ही ज्या पाळणाघरात होतो तिथे साथ आली की आम्हाला लिफ्टमध्ये दुसऱ्या एखाद्या आईकडून कळायचं, त्यामुळे हा मेसेज बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

आणि घाई का महत्त्वाची ते दुसऱ्या दिवशी कळलं. ताईंनी ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना विनंती करून सगळ्या पालकांसाठी व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टर म्हणाले, अंगावर पहिला ठिपका दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल हा आजार पसरवत असतं, तेव्हा फार तर थोडी कणकण असते, मूल खेळत असतं, जेवत असतं, कोणाला शंकाही येत नाही. हा विषाणू हवेतून जातो, श्वासातून, शिंका-खोकल्यातून, फोडांतून, आणि फोडातलं पाणी हाताला लागलं तरी जातो. दुपारी सगळी मुलं एकाच खोलीत एसी लावून दारं-खिडक्या बंद करून झोपतात म्हटल्यावर व्हायचं ते झालेलंच होतं. घरात एकाला झाल्या आणि बाकीच्यांना आधी कधी झालेल्या नसतील, लसही नसेल, तर दहातल्या नऊ जणांना होऊ शकतात इतका हा आजार पटकन लागतो. म्हणून त्या मुलाच्या आईबाबांना दोष देणं मला अजिबात पटत नाही, त्यांनी फोड दिसताक्षणी ताईंना कळवलं, यापेक्षा जास्त कोणी काय करणार.

पण संपर्क आल्यानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा हलका जातो. ताई सोमवारपर्यंत बघू बघू करत बसल्या असत्या तर ही संधी हातची गेली असती. आमच्या मुलाचा पहिला डोस पंधराव्या महिन्यात झालेला, दुसरा आमच्या डॉक्टरांनी चौथ्या वर्षी ठरवलेला, तो त्यांनी शनिवारीच देऊन टाकला, दोन डोसमध्ये तीन महिने झालेले असले की चालतं. सरकारी लसीकरणात ही लस नाहीये, खासगी दवाखान्यात पैसे भरून घ्यावी लागते आणि स्वस्त नाही, त्यामुळे बऱ्याच मुलांची राहते, ग्रुपमध्येच चार-पाच जणांची राहिलेली निघाली. डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं की ही लस १९७४ साली जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी तयार केली, स्वतःच्या लहान मुलाला कांजिण्यांनी बेजार झालेलं बघून ते या कामाला लागले होते. आई म्हणून ते मला फार आतपर्यंत पोचलं.

एका आईला पाचवा महिना चालू होता, तिला तर ताईंनी ग्रुपवर टाकायच्या आधीच फोन केलेला. लहानपणी झाल्या होत्या का ते तिला नक्की आठवत नव्हतं, रक्ताची तपासणी केली आणि प्रतिकारशक्ती आहे असं निघालं, मग सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. गरोदरपणात कांजिण्या आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याच्या असतात.

ग्रुपवर एकांनी लिहिलं की लहानपणी होऊन गेलेलं बरं, सगळ्यांना मुद्दाम एकत्र खेळू द्या. मोठेपणी जास्त त्रास होतो हे खरंच आहे, पण म्हणून मुद्दाम लावून घ्यायचं हे मला मान्य नाही, लहान मुलांनाही कधीकधी न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, खाजवून फोड पिकतात, आणि आपलं मूल ठणठणीत राहिलं तरी पुढे कोणाच्या घरात तो आजार नेईल ते कुठे माहीत असतं. ताईंनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं, पण समोरच्याचा मान ठेवून. एका आजींचं म्हणणं होतं की देवी आलीय, औषध द्यायचं नाही. त्यांना ताई म्हणाल्या, आजी, कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवा, पण तापाला डॉक्टरांनी दिलेलं पॅरासिटामॉल द्या, मनाने ॲस्पिरिन देऊ नका, आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवा. मला हे फार आवडलं.

परत कधी पाठवायचं यावरही वाद झाला. काहींचं म्हणणं खपल्या पडून जाईपर्यंत नको. देवीच्या रोगात, म्हणजे स्मॉलपॉक्समध्ये, खपल्यांमधूनही लागण व्हायची, ती भीती अजून घराघरात आहे. कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर कोरडी खपली धरली की मूल कोणाला आजार देत नाही, साधारण पाच-सात दिवस लागतात. ताईंनी तोच नियम ठेवला, वर डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. आणि बाकीच्या मुलांवर २१ दिवस लक्ष ठेवायला सांगितलं, कारण संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत कधीही उठू शकतात. रोज सकाळी दारातच मावशी पोट, पाठ आणि केसांच्या मुळाशी बघायच्या, झोपायच्या खोलीत एसी बंद आणि खिडक्या उघड्या. एकांच्या आजोबांना नागीण झाली होती, तर फोड वाळेपर्यंत त्यांनी न्यायला-आणायला येऊ नये असंही सांगितलं, कारण विषाणू तोच, नागिणीच्या फोडातल्या पाण्यातून लहान मुलाला कांजिण्या होऊ शकतात.

आमच्या मुलाला दोनेक आठवड्यांनी थोडे लाल ठिपके आलेच, ताप जेमतेम. लस घेतलेल्यांना असं हलकं होतं, पण त्यांच्याकडूनही लागण होऊ शकते, म्हणून नवीन ठिपके यायचे बंद होईपर्यंत घरीच ठेवला. लस न झालेल्या दोन मुलांना मात्र अंगभर आल्या, डोक्यात, तोंडाच्या आतसुद्धा, बघवत नव्हतं.

आता कमी काय ते पण लिहिते. त्या महिन्याची फी पूर्ण घेतली, मूल घरी असताना निम्मी तरी सोडायला हवी होती. संध्याकाळी साडेसातला बंद म्हणजे बंद, लोकल लेट असली तरी लेट फी लागतेच. आणि लसीचं कार्ड ॲडमिशनच्या वेळीच बघायला हवं होतं, आम्ही घातलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. आता मात्र विचारतात, कोणाचा डोस कधी ड्यू आहे ते वहीत लिहून ठेवतात आणि आठवण पण करतात.

पाच स्टार. जूनसाठी नाव घालायचं असेल तर एप्रिलमध्येच जा, जागा लवकर भरतात, आणि जाताना कार्डाची झेरॉक्स घेऊन जा, त्याशिवाय फॉर्म घेत नाहीत.