बॅलन्स पॅड चांगलाय, पण बॉक्सवर लिहिलंय ते खोटं आहे

आईसाठी घेतला. फोमचा जाड चौकोनी पॅड, ज्यावर उभं राहून तोल सांभाळायचा असतो तो. चार स्टार देतोय, आणि कापलेला एक पॅडचा नाही, बॉक्सवरच्या जाहिरातीचा आहे.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलंय "पायांची संवेदना परत आणतो". नाही आणत. आई सत्तरीच्या पुढची, बरेच दिवस म्हणत होती की कापसावर उभं राहिल्यासारखं वाटतं, तोंडाला साबण लावून डोळे मिटले की एका हाताने बेसिन धरून ठेवायची. फिजिओ मॅडमनी 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा धातूचा काटा) पायाच्या अंगठ्याला लावला तर आईला थरथर कळलीच नाही, घोट्याला अंधुक कळली आणि गुडघ्याला मात्र छान कळली. वयाबरोबर तळपायाच्या त्वचेतली दाब आणि कंपन ओळखणारी टोकं कमी होतात, नसांमधून सिग्नलही हळू जातो, आणि पायाच्या नसा सगळ्यात लांब म्हणून त्रास तिथून सुरू होतो. मग माणूस नकळत डोळ्यांच्या भरवशावर उभा राहायला लागतो, म्हणून दिवसा सगळं ठीक आणि रात्री लाइट नसला की धडपड.

आता गंमत बघा, फोमवर उभं राहिलं की पायाकडून येणारी माहिती अजूनच गोंधळते, म्हणजे हा पॅड संवेदना वाढवत नाही, उलट काढून घेतो!! तपासणीत फोमवर उभं करतात ते याच कारणासाठी, पाय गोंधळले की डोळे आणि कानाच्या आतलं तोलाचं यंत्र किती सांभाळून घेतं ते दिसतं. मग उपयोग काय? तर उपयोग आहे. सरावाने मेंदू बाकीच्या दोघांकडून जास्त काम करून घ्यायला शिकतो, आणि तोल जायला लागला की घोटा आणि कंबर लवकर सावरतात. आईचा तळपाय अजूनही तितकाच बधिर आहे पण बेसिन धरणं कमी झालंय.

वस्तू म्हणून बोलायचं तर फोम घट्ट आहे, रोज वापरून खड्डा पडलेला नाही, पाणी शोषत नाही त्यामुळे पुसला की झालं. सुरुवातीला रबराचा वास येतो, जातो. गुळगुळीत फरशीवर मात्र सरकतो, आणि तोल शिकवणाऱ्या वस्तूने स्वतः सरकावं म्हणजे कमालच आहे, खाली अँटी-स्लिप मॅट टाकावीच लागते, ती सोबत का देत नाहीत कोण जाणे. त्याऐवजी गुबगुबीत स्लिपर्स फ्री आल्यात!! आधीच पायाला कमी कळतंय त्यात एवढा मऊ सोल म्हणजे अजून कमी कळणार, म्हातार्‍या माणसाला पातळ, थोडा कडक सोल आणि मागून बंद असलेली चप्पल बरी. स्लिपर्स माळ्यावर गेल्या.

घेणार असाल तर आल्या आल्या आईबाबांना त्यावर चढवू नका प्लीज. आधी साध्या जमिनीवर पाय जुळवून, मग एक पाय दुसऱ्याच्या थोडा पुढे, मग टाचेला अंगठा लावून एका रेषेत, प्रत्येक दहा सेकंद, हे जमलं तरच पॅड. ज्यांना रेषेतलं दहा सेकंद जमत नाही त्यांना पडायचा धोका जास्त असतो, त्यांनी आधी फिजिओला दाखवा. पॅड भिंतींच्या कोपऱ्यात ठेवा, समोर जड खुर्ची, बाजूला माणूस. डोळे मिटून करायला सांगितलं असेल तर एकट्याने अजिबात नाही.

आणि बधिरपणा सगळा वयाच्या नावावर टाकू नका, शुगर आणि बी12 तपासून घ्या, विशेषतः मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) बरीच वर्षं चालू असेल तर, कारण त्याने बी12 कमी होऊ शकतं. अचानक बधिर झालं किंवा एकाच पायाला झालं तर पॅड शोधत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

साइज एकच मिळते, उंच माणसाला पाय फाकवून उभं राहायला ती कमी पडते, माझेच पाय कडेला येतात.