रिव्हिअरचा शिक्का असलेली किटली घेताय?

पॉल रिव्हिअर हा अठराव्या शतकातला बॉस्टनचा नामांकित चांदी-कारागीर. त्याच्या नावाची चांदीची किटली अमेरिकेत बॉस्टनच्या बाजूला कुणी दाखवली, तर आधी ती उलटी करून बुडावर तोंडाची वाफ सोडा. ही युक्ती मला जुनी चांदी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने दाखवली. तोवर दुकानदाराच्या हातात पैसे पडले होते.

किटलीचा घाट 1790 च्या सुमाराचा वाटावा असाच. पाँपेईच्या उत्खननानंतर युरोपात ग्रीक-रोमन घाटांचं वेड आलं, ते इंग्लंडमार्गे अमेरिकेत पोचलं. लंबगोल अंग, उभ्या पन्हळी, सरळ तोटी, लाकडी मूठ, काठाशी लखलखत्या कोरीव माळा. रिव्हिअरने 1785 मध्ये चांदीचा पत्रा लाटायचं यंत्र घेतलं होतं. त्यामुळे भांडं ठोकून उठवण्याऐवजी पत्रा वळवून मुठीखाली सांधता येई. तो सांधाही इथे होता. सुंदर वस्तू, यात वाद नाही.

आपल्याला हॉलमार्कची सवय. तेव्हाच्या बॉस्टनमध्ये सरकारी पारखच नव्हती. कारागिराचं नाव हीच खात्री. म्हणून सगळी लबाडी त्या नावापाशी होते.

वाफ सोडल्यावर शिक्क्याभोवती एक बारीक चौकट उमटली. डाग देऊन जोडल्याची रेघ! शिक्का जुन्या चमच्याच्या दांड्यावरून कापून इथे बसवलेला होता. 1876 मधल्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनंतर अमेरिकेत जुन्या घाटांची हौस परत आली आणि अशा किटल्या भरपूर निघाल्या. त्यांच्या बुडाशी बहुधा ‘स्टर्लिंग’ हा चांदीच्या शुद्धतेचा शब्द छापलेला असे. रिव्हिअर वारला 1818 मध्ये. अमेरिकन चांदीवर तो शब्द रुळला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. कारागिराच्या मते तोच शब्द कापून त्या भोकात चमच्याचा तुकडा भरला होता.

दुकानदाराने रिव्हिअरच्या हिशेबवहीच्या पानाची झेरॉक्सही दिली होती. त्या वह्या खऱ्याच आहेत, मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत जपलेल्या. पण त्यांत वस्तूचं वजन लिहिलेलं असतं, आणि आमची किटली त्या नोंदीहून बरीच जड भरली.

भांडायला गेलो तेव्हा त्याने शांतपणे पावती पुढे केली. तोंडाने ‘रिव्हिअरची’ म्हणणाऱ्याने लिहिलं होतं ‘रिव्हिअर शैलीतील’. पावतीवर कारागिराचं नाव आणि अंदाजे साल स्पष्ट लिहून मागा. तिथे तो अडखळला तर निघा.

बऱ्याच हुज्जतीनंतर त्याने निम्म्या पैशांत किटली परत घेतली. ती पुन्हा काचेच्या कपाटात आहे. चिठ्ठी नवी आहे: ‘एका खासगी संग्रहातून’.