‘तुमच्या ब्रँडचं डोमेन दुसरं कोणी घेतंय’ असा ईमेल आला तर

ईमेल थेट मालकाच्या नावाने येतो. पाठवणारा स्वतःला डोमेन रजिस्ट्रार, म्हणजे वेबपत्त्याची नावं नोंदवून देणारी कंपनी, म्हणवतो. मजकूर साधारण असा: एका कंपनीने तुमचं ब्रँडनाव डॉट एशिया, डॉट सीएन, डॉट एचके अशा अनेक एक्स्टेंशनमध्ये (नावाच्या शेवटच्या भागांत) नोंदवण्यासाठी अर्ज केला आहे, ती तुमची वितरक आहे का, हे सात दिवसांत कळवा. पैशाचं नावही निघत नाही, म्हणूनच लोक उत्तर देतात.

‘आमचा संबंध नाही’ असं कळवलं की दुसरा ईमेल येतो. समोरची कंपनी ऐकत नाही, पण पहिला हक्क तुमचा, सोबतचा फॉर्म भरा. फॉर्ममधले दर नेहमीच्या कित्येक पट, आणि मुदत पाच किंवा दहा वर्षांची. घाबरून सगळी यादी घेतली की फसवणूक पूर्ण झाली. वाईट म्हणजे डोमेन अनेकदा खरोखर नोंदवलेलं असतं, त्यामुळे तक्रार करताना ‘पैसे घेऊन काही दिलं नाही’ असं म्हणता येत नाही. खात्याचा पासवर्ड आणि डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्यासाठी (ट्रान्सफर) लागणारा ऑथ कोड मात्र त्यांच्याकडेच राहतो.

यातला खोटेपणा ओळखायला एकच गोष्ट पुरते. डोमेनची नोंदणी ‘जो आधी येईल त्याला’ या तत्त्वावर होते आणि काही क्षणांत पूर्ण होते. कोणताही रजिस्ट्रार अर्ज रोखून ब्रँडच्या मालकाची परवानगी मागत बसत नाही. ट्रेडमार्कची खरी सूचना-व्यवस्था ट्रेडमार्क क्लिअरिंगहाऊस या ट्रेडमार्कच्या मध्यवर्ती नोंदवहीची. तिथे आपला मार्क नोंदवलेला असेल, तर नवं एक्स्टेंशन सर्वांना खुलं झाल्यावर किमान ९० दिवस, तेच नाव घेऊ पाहणाऱ्याला आधी इशारा दिसतो. तरीही त्याने नोंदणी केलीच, तर मार्कधारकाला ती झाल्यानंतर कळवलं जातं. ‘होण्याआधी तुमची संमती हवी’ असा टप्पाच नाही.

ही भीती चालते, कारण एक्स्टेंशन खरंच बेसुमार वाढली. डोमेन-व्यवस्था सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या, नव्या एक्स्टेंशनसाठी अर्ज मागवणाऱ्या २०१२ च्या फेरीआधी सर्वसाधारण (देशांची सोडून) एक्स्टेंशन २२ होती. त्या फेरीत १,८५,००० डॉलर शुल्काचे १,९३० अर्ज आले आणि पुढे बाराशेहून अधिक एक्स्टेंशन सुरू झाली. प्रत्येकात आपलं नाव राखून ठेवणं कोणत्याही लहान उद्योगाला परवडणारं नाही, आणि त्याची गरजही नाही.

दुसरा फटका कायद्यात बसणारा असतो, पण झोंबतो तेवढाच. पहिलं वर्ष नाममात्र दरात, रिन्यूअल अनेक पटींनी महाग. ‘प्रीमियम’ नावांत तर चढा दर दरवर्षीचा असू शकतो. विकत घेण्याआधी रिन्यूअलचा दर लेखी पाहा. नव्या एक्स्टेंशनमध्ये रिन्यूअलचा दर वाढवायचा तर रजिस्ट्रीला (ते एक्स्टेंशन चालवणाऱ्या संस्थेला) रजिस्ट्रारांना १८० दिवस आधी कळवावं लागतं, आणि त्या काळात जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत मुदत वाढवता येते. ही सूचना रजिस्ट्रारकडे जाते, तुमच्याकडे नाही. म्हणून रजिस्ट्रारच्या दरांवर स्वतःच लक्ष ठेवा.

२०२६ च्या नव्या फेरीचं अर्ज शुल्क २,२७,००० डॉलर आहे. तिच्या नावाने ‘येणाऱ्या एक्स्टेंशनमध्ये तुमचं नाव आत्ताच पक्कं करा’ असे प्रस्ताव येतील. एक्स्टेंशन इंटरनेटच्या मूळ यादीत दाखल होईपर्यंत त्याखालचं कोणतंही नाव कोणी पक्कं करून देऊ शकत नाही. अशा ‘प्री-रजिस्ट्रेशन’साठी आगाऊ पैसे देऊ नका.

ईमेल आला तर उत्तर देऊ नका. ‘नको’ लिहिलं तरी पत्ता चालू असल्याचं कळतं. आयकॅनच्या लुकअप पानावर (देशांच्या एक्स्टेंशनसाठी रजिस्ट्रारच्या शोधपानावर) ते नाव आधीच घेतलेलं आहे का ते पाहा. मोकळं असेल आणि खरोखर हवं असेल, तर आपल्या नेहमीच्या रजिस्ट्रारकडून घ्या. आमच्या मते मुख्य डोमेन, आपल्या देशाचं एक्स्टेंशन आणि हमखास टाईप होणारी एखादी चूक एवढं पुरे. दुसऱ्याने ते घेऊन तुमच्या ट्रेडमार्कचा गैरवापर चालवला असेल, तर सर्वसाधारण एक्स्टेंशनमध्ये यूडीआरपी या डोमेनच्या वादांसाठीच्या नियमांखाली दाद मागता येते. असे वाद हाताळणाऱ्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संस्थेकडे एक ते पाच नावांसाठी, एकसदस्यीय पॅनेलचं शुल्क १,५०० डॉलर आहे. आणि पैसे आधीच भरले असतील, तर आधी ऑथ कोड लेखी मागा: नोंदणीनंतर ६० दिवस ट्रान्सफर सहसा बंद असते, ती मुदत संपताच डोमेन आपल्या रजिस्ट्रारकडे हलवा, आणि सर्वसाधारण एक्स्टेंशनचा कोड पाच दिवसांत मिळाला नाही तर आयकॅनकडे तक्रार नोंदवा.