जुन्या मोटरहोमच्या छतासाठी सिलिकॉनचा लेप

अमेरिकेतील जुन्या मोटरहोमचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचे, छत पुष्कळदा ईपीडीएम या पातळ रबराचे असते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्यावर पांढरी भुकटी धरते, पण पाणी आत शिरते ते बहुधा झरोके, अँटेना आणि कडांच्या सांध्यांतून. त्यामुळे सांधे दुरुस्त न करता नुसता लेप चढवणे व्यर्थ आहे. तडकलेले सीलंट (सांधे बुजवणारा चिकट पदार्थ) प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून आम्ही तेथे डायकॉर या कंपनीचे आपोआप सपाट पसरणारे सीलंट भरले. आडव्या पृष्ठभागावर ते सुरेख बसते, उभ्या कडेवर मात्र ओघळते. तेथे न ओघळणारा प्रकार घ्यावा. छत धुताना पेट्रोलियमयुक्त द्रावक टाळावेत, कारण त्यांनी हे रबर फुगते.

पांढरा सिलिकॉन लेप रोलरने सहज पसरला. साचलेले पाणी तो अॅक्रिलिक लेपापेक्षा चांगले सोसतो आणि ऊन परावर्तित करतो, म्हणून किंमत अधिक असूनही माझी पसंती त्यालाच आहे. ओले झाल्यावर छत फार निसरडे होते, आणि पुढे त्यावर सिलिकॉनखेरीज दुसरे काही नीट चिकटत नाही, हे पत्करूनच तो निवडावा. पायाखाली छत मऊ लागत असेल, तर आधी रबराखालचे कुजलेले प्लायवूड बदलावे लागेल.