जुन्या गाडीत एलईडी : तीन महिन्यांतच हेडलाइट पुन्हा हॅलोजन

गाडी चोवीस वर्षांची. इंजिन खणखणीत, पण रात्री हेडलाइट लावले की समोर समई ठेवल्यासारखा उजेड. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून आठ महिन्यांपूर्वी झाडून सगळे बल्ब काढले आणि एलईडी बसवले. त्यातले बहुतेक आजही आहेत. हेडलाइटचे मात्र तीन महिन्यांतच उतरवले.

बसवले त्या रात्री मी जाम खूश होतो. पांढराशुभ्र झोत, भिंतीवरचे पोपडे मोजता येतील असा! पण पहिल्याच आठवड्यात समोरून येणारा जो तो डिपर मारायला लागला, आणि मी तर लोअरवरच (खालच्या झोतावर) होतो. मग एका बाजूला जुना हॅलोजन (तारेचा बल्ब), दुसऱ्या बाजूला एलईडी लावून भिंतीवर पाहिलं. हॅलोजनच्या उजेडाची वरची कड पट्टीने रेघ मारल्यासारखी सरळ. एलईडीची कड जागोजागी उसवलेली, उजेड वर सांडलेला.

माझा बल्ब एच-४, ६०/५५ वॉटचा. यात लोअरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. खाली जाणारा उजेड रिफ्लेक्टरवर (बल्बमागच्या आरशावर) आपटून वर उडाला असता, तो ही वाटी अडवते, म्हणून झोत रस्त्यावरच राहतो. रिफ्लेक्टरचा घाट त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला. एलईडीत तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिप, मध्ये पट्टीची जाडी. जागा मिलिमीटरभर हलली तरी कड बिघडते. बल्बची कॉलर (बसवायची कडी) सैल करून, चिप बरोबर डाव्या-उजव्या बाजूला येतील असा बल्ब फिरवला तेव्हा थोडं सुधारलं, पण थोडंच. शिवाय बोनेटजवळचा रस्ता इतका उजळतो की डोळे त्यालाच सरावतात आणि लांबचं उलट कमी दिसतं. पावसात ओल्या डांबरावर तर तो पांढरा उजेड कुठे जिरतो, देव जाणे. मागच्या पंख्यामुळे रबरी टोपण बसेना, ते तसंच उघडं ठेवलं आणि रिफ्लेक्टरवर धूळ व वाफ धरली. रेडिओत खरखर आली ती वेगळीच.

खरा चोर शेवटी व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरने पकडला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर ११.८. दोन व्होल्ट जुना स्विच आणि बारीक वायरी खात होत्या. हॅलोजनला हे फार महागात पडतं : व्होल्टेज १५ टक्के घटलं की उजेड जवळजवळ ४० टक्के जातो. वायरिंगचा आजार आणि मी औषध देत होतो बल्बला! मग दोन रिले (जुन्या स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारे स्विच), बॅटरीवरून फ्यूजसकट जाड वायर, आणि अर्थिंगचा (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या मायनस वायरीचा) नट काढून खालचा गंज पॉलिश पेपरने घासला. होल्डरवर आता १३.५ मिळतात. साधे हॅलोजन, पण पाच महिन्यांत एकानेही डिपर मारलेला नाही.

मागच्या दिव्यांबद्दल मात्र तक्रार नाही. लाल काचेमागे लालच एलईडी घ्या, पांढऱ्याचा उजेड मळकट गुलाबी दिसतो. पहिल्या जोडीत पार्किंग आणि ब्रेक यांत फरकच कळत नव्हता, ती लगेच परत केली. एकाला मागे उभं करून, उन्हात, ब्रेक दाबून बघाच. तार तापायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो, एलईडी पाय पडताक्षणी लागतो. मागच्या गाडीला तेवढाच जास्त वेळ.

इंडिकेटरने पिडलं. २१ वॉटच्या जागी दोन-तीन वॉट आले, इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटलं बल्ब गेला, आणि टिकटिक दुप्पट वेगाने सुरू. जुन्या बल्बाइतका करंट ओढणारा रेझिस्टर लावा म्हणाले, पण तो बोट भाजेल इतका तापतो, प्लॅस्टिकजवळ नकोच वाटला. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला. वेग ताळ्यावर आला, पण एक दिवा गेला तर आता टिकटिक बदलत नाही. मागचा डावा किती दिवस बंद होता कोण जाणे, शेजाऱ्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. त्यातून माझ्या डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच खुणेचा दिवा. त्याला अर्थिंग मिळतं बंद असलेल्या दुसऱ्या बाजूच्या बल्बांतून. एलईडी आल्यावर डावा इंडिकेटर दिला की उजवेही मिणमिणायचे. दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) लावून त्या दिव्याला वेगळं अर्थिंग दिलं तेव्हा थांबले.

छताचा दिवा पाच मिनिटांचं काम. लागला नाही तर उलटा करून बसवा, प्लस-मायनस बदललेलं असतं. डॅशबोर्डच्या दिव्यांत बॅटरीच्या चिन्हाचा बल्ब तेवढा बदलू नका. जुन्या गाडीत अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) जाग येते ती त्याच बल्बातून जाणाऱ्या करंटने. मी तिथे एलईडी घातला आणि सकाळी स्टार्टर मारल्यावर ॲक्सिलरेटर जोरात दाबेपर्यंत चार्जिंगच सुरू होईना. तो जुना बल्ब नशिबाने फेकला नव्हता, डिकीतल्या डबीत सापडला.