लाकडी ठोकळे, आठ महिने चावून झाल्यावर

लेक नऊ महिन्यांची असताना हे रंगीत लाकडी ठोकळे घेतले. आता ती सतरा महिन्यांची आहे आणि लाल ठोकळ्याच्या दोन कोपऱ्यांवर तिच्या दातांची नक्षी उमटली आहे. तेव्हा अनुभव लिहायला हरकत नाही.

लाकडाकडे वळले ते एका बाहुलीमुळे. माझीच, तीसेक वर्षं पेटीत पडलेली. हौसेने बाहेर काढली तर हातपाय चिकट. साबणाने धुतले, दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकट! पीव्हीसी हे प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं प्लास्टिसायझर वर्षानुवर्षं असं पाझरत राहतं, आणि जुन्या मऊ खेळण्यांत ते बहुतेक वेळा थॅलेट असतं. युरोप-अमेरिकेत आज खेळण्यांतल्या काही थॅलेटना 0.1 टक्क्याची मर्यादा आहे, पण माझी बाहुली त्याच्या आधीची. ती परत पेटीत गेली.

ठोकळ्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'नॉन-टॉक्सिक' होतं. उघडल्यावर रंगाचा उग्र वास आला नाही. ओला पांढरा रुमाल खसाखसा घासला, डाग पडला नाही. बरं वाटलं, पण यातून रंग पक्का आहे एवढंच कळतं. रंगात शिसं असेल तर त्याला ना वास, ना ते रुमालावर दिसत. घरी शिसं तपासायच्या कांड्या मागवणार होते, तोवर वाचलं की अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2007 मध्येच असल्या किट भरवशाच्या नसल्याचं सांगितलं होतं. बेत रद्द.

मग विक्रेत्याकडे ईएन 71-3 या खेळण्यांसाठीच्या युरोपीय मानकाच्या चाचणीचा रिपोर्ट मागितला. या चाचणीत रंग खरवडून पोटातल्यासारख्या पातळ आम्लात, शरीराइतक्या उष्णतेत दोन तास ठेवतात आणि त्यातून शिसं, कॅडमियम, क्रोमियम वगैरे किती सुटतं ते मोजतात. म्हणजे मूल रंगाचे कण गिळतं तेव्हा काय होईल, त्याचीच नक्कल. लहान मुलांचं शरीर पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतं, त्यामुळे मला खोक्यावरच्या शब्दापेक्षा हा कागद हवा होता.

कागद आला. रंग पाच. संचात सहा! नेमका पिवळा गायब, आणि पिवळ्या-नारिंगी रंगांत लेड क्रोमेट हे शिसं असलेलं रंगद्रव्य वापरायची जुनी पद्धत. पिवळे ठोकळे तडक कपाटावर गेले. तीन आठवडे मेल केल्यावर उलगडा झाला: त्यांनी पान 2 पाठवलंच नव्हतं. पिवळा ठीक निघाला. माल चांगला, ग्राहकसेवा मात्र कंटाळवाणी.

पुढची चूक माझी. चौथ्या महिन्यात सगळे ठोकळे साबणाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवले. लाकूड फुगलं, वाळल्यावर तिघांच्या कडांचा रंग पापुद्र्यांसारखा सुटला. पॉलिशपेपरने घासावंसं वाटलं, पण त्याची धूळ जमिनीवर आणि जमिनीवरून तिच्या हाताला. तीनही टाकून दिले. तेव्हापासून ओल्या फडक्याने पुसते, लगेच कोरडे करते आणि महिन्याला एकदा कडांवरून नख फिरवून बघते. नखाला पापुद्रा लागला तर तो ठोकळा बाद. आतापर्यंत नंतर एकच गेला, निळा. चावलेल्या लाल ठोकळ्याचा रंग कोपऱ्यात दबलाय, पण सुटलेला नाही. हे मला खरंच आवडलं.

पुन्हा घेईन का? घेईन, पण बिनरंगी. या संचातले दोन ठोकळे नुसते मेण लावलेले होते. त्यांच्यावरून सुटायला रंगच नाही, फक्त हात लागून जरा काळवंडलेत. पण बाईसाहेब त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. लालच लागतो.